विश्रांती दीर्घ असते

आमच्या चर्चच्या मंडळीचं संडे स्कूल शुक्रवारी भरतं. कुवेतमध्ये रविवारी सगळे ऑफिसात असतात, त्यामुळे प्रभूचा दिवसही शुक्रवारीच येतो, आणि याचं कोणाला हसू येत नाही. मला तर मुळीच यायचं नाही. पप्पा दर सुट्टीत नगरहून चर्चच्या जुन्या उपदेश-पत्रिकांचा गठ्ठा आणायचे. दारूवर, हुंड्यावर, सिनेमावर. मैत्रिणींना बॅगेतून बाहुल्या मिळायच्या, मला पश्चात्ताप.

बाविसाव्या वर्षी मी स्वतःची पत्रिका लिहायला घेतली. विषय शब्बाथ, म्हणजे देवानं नेमलेला विश्रांतीचा दिवस, आणि कारण आई. ती जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. वर्षभर तिला जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी ड्युटी लागत होती. आम्ही उपासनेला निघायचो तेव्हा ती पांढरे बूट घालून खाली बसची वाट बघत असायची. हा अन्याय आहे, असं मी पहिल्याच ओळीत लिहिलं. दुसरीत ड्युट्या लावणाऱ्या मेट्रनची तुलना इस्राएलांना राबवणाऱ्या फारोशी केली. एक प्रत मेट्रनलाच पाठवायची असं ठरवलं.

पण माझं शुद्धलेखन कच्चं, ते आई तपासते. म्हणून शनिवारी सकाळी मी तिच्या खोलीचं दार ठोठावलं. ती पडदे ओढून, पायांखाली उशी घेऊन पडली होती.

"आई, जरा बघ ना. विश्रांतीवर लिहिलंय."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

तिनं चष्मा लावला, फारोपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"मेट्रनला पाठवू नकोस हे. शुक्रवार मीच मागून घेतलेत."

मला वाटलं, ती मेट्रनला वाचवतेय.

"मला शुक्रवारी सुट्टी असायची ते आठवतंय का तुला?" ती म्हणाली. "पहाटे उठून साठ माणसांचा पुलाव. मग उपासना, मग प्रीतिभोजनाची भांडी, मग महिला मंडळ. घरी यावं तर तू आणि पप्पा सोफ्यावर बसून शब्बाथाच्या चौथ्या आज्ञेवर वाद घालताय, आणि मधूनच चहा मागताय. वॉर्डात निदान अर्धा तास खुर्ची मिळते. तिथं दार कोणी ठोठावत नाही."

"आणि उपासना?"

"औषधं देताना स्तोत्र म्हणते हळूच. एक कुवेती आजी आहे, तिला कळत काही नाही, पण ती आमीन म्हणते."

"अगं, पण शब्बाथ..."

"आज काय वार आहे?"

"शनिवार."

"अरबीत काय म्हणतात?"

सब्त. चार वर्षांची होते तेव्हापासून इथे राहतेय. दुकानांच्या वेळांच्या पाट्यांवर हा शब्द रोज वाचलाय. तो शब्बाथच आहे, हे एकाही पत्रिकेनं मला सांगितलं नव्हतं.

प्रभूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी झालं, म्हणून आपला शब्बाथ तोच, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. तोवर तिनं कागद परत दिला.

"शीर्षक चुकलंय. 'विश्रांति' लिहिलंयस."

"पप्पांच्या पत्रिकांत तसंच असतं."

"त्या जुन्या आहेत. विश्रांती दीर्घ असते. आता जाताना दार ओढून घे."

बाहेर पप्पा उभे होते. "उठली का आई? चहाचं बघ म्हणावं."

"आज सब्त आहे," मी म्हटलं आणि त्यांना गॅस दाखवला.