सीट अजून एक सूत वर

जगातलं कुठलंही दुखणं पान्याने बरं होतं, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते नारपोलीतल्या एका कापड कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारे. राहायला कोन गावाला; ड्युटीला रोज सायकलने. त्यांचा एक सिद्धांत होता. कापडाला खोट आली की मालक कारागिरावर ओरडतो, पण खोट असते लूमची. या हट्टापायी त्यांनी कितीतरी कारागिरांच्या नोकऱ्या वाचवल्या. पुढे तोच सिद्धांत त्यांनी स्वतःला लावला आणि घात झाला.

ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांची उजवी जांघ दुखू लागली. साडूंनी ताबडतोब सायकलीला जबाबदार धरलं. सीट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर घेतली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी खाली. मग सीटचं नाक वर, मग खाली. स्प्रिंगा बदलल्या, कारखान्यातल्या चिंध्यांची गादी बांधली. हँडल तर इतकं उंच केलं, की समोरून येणाऱ्याला वाटावं हा माणूस हात वर करून शरण येतोय. रविवारी आम्ही जेवायला गेलो की हे अंगणात पाटावर पाना घेऊन बसलेले. "धरा जरा," म्हणायचे आणि मी सायकल धरून उभा. आतून मेहुणी ओरडायची, "अवो, दवाखान्यान जा ना एकदा! सायकलीला काय धाड भरलीय?"

"डॉक्टर काय बघनार? मानसात बिगाड न्हाय, मशीनीत हाय," साडू शांतपणे म्हणायचे. मी हसायचो. मोठा शहाणा मी! एकदा लंगडत आले तेव्हा थट्टेत म्हणालो, "साडूभाऊ, सायकलच बदला आता." त्यांना ते पटलं. पुढच्या आठवड्यात जुनी सायकल देऊन कल्याणहून वाकड्या हँडलची रेसर आणली. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ, पांढरा लेंगा, खिशात पाना आणि नाक पुढच्या चाकाला लागलेलं. रस्त्यावरची पोरं शिट्ट्या मारायची. साडू त्यांना हात करायचे.

नव्वद साल उलटलं तेव्हा पाय दांड्यावरून जाईना. ओट्याला सायकल टेकवून चढायचे. शेवटी मेहुणीने रिक्षात घालून ठाण्याला नेलं. खुब्याचा सांधा पार झिजला होता. "इतकी वर्षं काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सीट किती ठेवू?"

लूमखाली वाकता येईना, तेव्हा मालकाने लूम ठेवले आणि जॉबर बदलला. ज्यांच्यासाठी हे भांडले होते त्यांतला एकही कारागीर बोलला नाही. आजही नारपोलीतून जाताना माझं तोंड कडू होतं. पण त्या मालकाइतकाच राग मला माझाही येतो. सायकल तर मीच धरून उभा असायचो.

रेसर त्यांनी मला दिली. "तुमचीच आयडिया, तुम्हीच चालवा." मी कोनहून घरापर्यंत ती चालवत आलो. कुठे काही दुखलं नाही. सायकल पहिल्यापासून ठीकच होती.

पुढच्या रविवारी खुर्चीतून त्यांनी विचारलं, "काय तरास देते का?"

"जांघेत धरतं जरा," मी म्हणालो.

कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला. "मी बोललो व्हतो ना? अगो, पाना आन!" मेहुणीने माझ्याकडे पाहिलं आणि पाना आणून दिला. मी सायकल खुर्चीजवळ धरली आणि साडूंनी सीट एक सूत वर घेतली.