बिनटाक्याचा पट्टा

मी वेवजी गावच्या शाळेत शिकवत असताना जयवंती चार वर्षं माझ्या वर्गात होती. अभ्यासात मध्यम. पण कुणाच्या दप्तराचा बंद तुटला किंवा कुणाच्या झग्याची शिवण उसवली, की मुली माझ्याकडे न येता तिच्याकडे जायच्या. तिचे वडील ओढ्यातल्या माशांसाठी जाळी विणत आणि ती त्यांच्या शेजारी बसून दोरा गुंडाळून देई. त्या हाताला सैल किंवा फाटकं काही दिसलं, की टाका घातल्याशिवाय राहवत नसे. ही सवय तिच्या उपयोगाची होती, आणि एकदा तिनेच तिला अडचणीतही आणलं. ते मी सांगणार आहे.

लग्न होऊन ती तलासरी तालुक्यातल्याच एका धरणाच्या काठावर, वारल्यांच्या पाड्यात गेली. नवरा चैत्या धरणात मासे धरायचा. त्याच्या आजाचं शेत त्याच पाण्याखाली गेलेलं. शेताच्या बांधावरची सागाची खोडं अजून तळाशी उभी आहेत, आणि जाळं कुठे टाकलं तर खोडाला अडकून फाटेल हे त्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. जयवंतीही लग्नानंतर दोन वर्षांत शिकली. चैत्या वल्हं मारी, ती जाळं सोडी.

मागच्या हिवाळ्यात धरणातली मासेमारी थंडावल्यावर चैत्या हद्दीपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात गेला होता. तिथे त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. हात वाचला, पण तीन बोटं गेली, आणि वल्ह्याची मूठ आता त्याला धरता येत नाही. होडी आंब्याखाली पालथी पडली. लोक विचारू लागले, होडी देणार का चालवायला? जयवंतीने सांगितलं की होडी देणार नाही, मीच चालवणार. बरोबर नणंद रूपी असेल. रूपी विधवा, जयवंतीच्याच वयाची, तोंडाने फटकळ आणि अंगाने काटक.

अडचण परवान्याची होती. मच्छीमार सोसायटीत तोवर एकाही होडीचा परवाना बाईच्या नावावर नव्हता. नाही असं कुणी म्हटलं नाही. सगळे ‘बघू’ म्हणाले. सोसायटीचा अध्यक्ष हाल्या, साठीच्या पुढचा, हाडकुळा माणूस. पावसाळ्यात भरलेलं धरण तो पोहून पार करतो असं पाड्यातली मुलंसुद्धा सांगतात. तो मात्र स्पष्ट बोलला. होडी बाईने चालवली म्हणून बुडत नाही, पण तपासणी सगळ्यांना तीच, असं त्याचं म्हणणं पडलं. जयवंतीला तेवढंच हवं होतं.

ही तपासणी दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. पलीकडच्या काठावरचा तुक्या एका दुपारी वाऱ्यात होडी उलटून गेला. तुक्याही पट्टीचा पोहणारा होता. सापडला तेव्हा त्याचे पाय त्याच्याच जाळ्यात होते. त्यानंतर सोसायटीने ठराव केला: होडीत जितकी माणसं तितकी जाकिटं, लांब दोर बांधलेली तरंगती रिंग, शिट्टी, पाणी उपसायचा डबा आणि एक जास्तीचं वल्हं. हे सगळं हंगामाच्या आधी मत्स्यखात्याच्या मॅडमना दाखवायचं. शिवाय होडीतल्या प्रत्येकाने जाकीट घालून खोल पाण्यात उडी मारायची, हात छातीशी बांधायचे आणि मॅडम शंभर मोजेपर्यंत तोंड वर ठेवून तरंगायचं. जो नापास होईल त्याला पुढची तपासणी दोन महिन्यांनी. तोवर भरल्या पाण्याचे दिवस संपून जातात. जयवंतीने मनात धरलं होतं की नापास झालो, तर होडी दुसऱ्याला देऊन आपल्याला मजुरीला जावं लागेल. एकदा हातची गेलेली होडी परत मागायला तोंड राहत नाही.

सामान तिने वेळेत जमवलं. रिंगचा दोर चैत्याने डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारून बांधला आणि स्वतः लोंबकळून बघितला. डबा घरचाच, तेलाचा. दोन जाकिटं सोसायटीकडून मिळाली.

तपासणीच्या आठ दिवस आधी दोघी सरावाला पाण्यात उतरल्या. पहिल्याच उडीत जाकीट वर सरकलं, थेट कानांपर्यंत. जाकीट तरंगत होतं, आणि जयवंती त्याच्या आत पोत्यात घातल्यासारखी, नाकातोंडात पाणी जात असलेली.

‘‘वहिनी, डोकं कुठं ठेवलंस?’’ रूपीने काठावरून विचारलं.

जाकिटं अंगाने भरलेल्या पुरुषांच्या मापाची. कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी या दोघींच्या अंगावर ती ठरेनात. खालून काहीतरी धरून ठेवणारं हवं, एवढं जयवंतीच्या ध्यानात आलं. घरी जाऊन तिने जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली, जाळ्याची सुई घेतली, नायलॉनचा दोरा ओवला आणि पट्टी दोन पायांमधून जाईल असं तिचं एक टोक जाकिटाच्या पाठीला, दुसरं पोटाला पक्कं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी जाकीट जागचं हललं नाही. ती इतकी खूश झाली की दिवसातून चार वेळा पाण्यात उतरली.

तिसऱ्या दिवशी जाकीट जड लागलं. काठीवर उलटं टांगलं, तर टाक्यांच्या भोकांतून दुपारपर्यंत पाणी ठिबकत राहिलं. आतल्या थैलीत पाणी शिरलं होतं. मग तिने जाकिटाबरोबर आलेला कागद काढला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: जाकीट टोचू नये, शिवू नये.

त्या दिवशी तिचा मला वाणगावला, मी आता राहते तिथे, फोन आला. ‘‘बाई, मी शहाणपणा केला,’’ एवढंच आधी म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. रडली नाही. मी विचारलं, दुसरं जाकीट कसं आहे? दुसऱ्याला तिने अजून सुई लावली नव्हती.

फोन ठेवताना तिच्या डोक्यात पुढचं सुरू झालं असावं, कारण दुसऱ्या सकाळी तिने जे केलं ते अगदी साधं होतं. लुगड्याची दुसरी पट्टी घेतली, मागे न टोचलेल्या जाकिटाच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवून गाठ मारली, दोन पायांमधून पुढे आणली आणि पोटावर त्याच पट्ट्याला आवळून बांधली. लुगड्याचा काष्टा घालतात तसा. एकही टाका नाही. त्या जाकिटावर ती उताणी तरंगली तेव्हा पाणी हनुवटीलाही लागलं नाही.

टोचलेल्या जाकिटाचं काय करायचं यावर घरात वाद झाला. रूपीचं म्हणणं, टाके उसवायचे आणि गप्प बसायचं.

‘‘भोकं पट्ट्याखाली झाकून जातात. मॅडमला काय दिसणार?’’

‘‘मॅडमला नाही दिसणार,’’ जयवंती म्हणाली. ‘‘पण ते तुझ्याच अंगात असेल ना?’’

रूपीने ते जाकीट उचलून बाजूला ठेवलं.

तपासणीला तिने मला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा आठ होड्या ओळीने काठाला लागल्या होत्या, प्रत्येकीत सामान मांडलेलं. तपासायला आलेल्या भाविनी मॅडम डहाणूकडच्या. वयाने लहान, पण डब्याला भोक आहे का हे उन्हाकडे धरून बघणाऱ्या. पुरुषांशी गुजराती-मराठी मिसळून बोलत होत्या आणि हसत हसत एकेकाची शिट्टी वाजवून घेत होत्या. जयवंतीच्या होडीशी आल्या, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधीच तिने एक जाकीट बाजूला काढून ठेवलं.

‘‘मॅडम, हे मोजू नका. हे मी सुईने टोचलंय.’’

मॅडमनी जाकीट उलटून भोकं बघितली. म्हणाल्या की मग होडीला जाकीट एकच धरावं लागेल, आणि एका जाकिटावर दोन माणसं सोडता येणार नाहीत. जयवंतीने मान डोलावली. हे तिला माहीतच होतं. रूपी मात्र दुसरीकडे बघत उभी राहिली.

उड्या सुरू झाल्या. पहिला मान अध्यक्षाचा. हाल्याने जाकीट नुसतं खांद्यावर टाकल्यासारखं घातलं, पट्टा ढिलाच, आणि आयुष्यभर मारली तशी हात वर करून उडी मारली. तो खाली गेला, जाकीट वर आलं. क्षणभराने तो चार हात लांब निघाला, आणि जाकीट एकटंच डुलत राहिलं.

‘‘हाल्याकाका,’’ मुकेश नावाचा तरणा मच्छीमार ओरडला, ‘‘जाकीट पास झालं, तुम्ही राहिलात.’’

काठावर हशा पिकला. पण मॅडमनी वहीत खरोखरच नापास लिहिलं, तसा हशा थांबला. धरण पोहून जाणारा माणूस नापास होतो, तर आपलं काय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोघे-तिघे गुपचूप आपापले पट्टे ओढून बघू लागले.

त्यानंतर जयवंतीला बोलावलं. ती शांतपणे कडेला गेली, पट्टीची गाठ एकदा चाचपली आणि उडी मारली. वर आली ती उताणीच. हात छातीशी बांधून, डोळे मिटून, बाजेवर पडावं तशी पडून राहिली. मॅडम मोठ्याने मोजत होत्या. चाळीसच्या पुढे काठावरचं बोलणं बंद झालं. शंभर झाल्यावर ती डोळे उघडून पोहत बाहेर आली.

मॅडमनी पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, हे शिवलंय का? जयवंतीने गाठ सोडून पट्टी हातात दिली. मॅडमनी जाकीट आतून, बाहेरून, शिवणीशिवणीने बघितलं. सुईचं एकही भोक नव्हतं. ‘‘काही जाकिटांना असा पट्टा कंपनीच लावते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यांना नाही. जयवंतीताई, बरोबर केलंत.’’

मुकेशला राहवलं नाही. ‘‘मॅडम, बायांचं ठीक आहे. आम्ही आता काष्टा घालायचा काय?’’

‘‘तुझ्या आज्याने जन्मभर लंगोटी नेसली, मुकेश,’’ जयवंती केसांतलं पाणी पिळत म्हणाली. ‘‘त्याला कधी लाज वाटली नाही. तुलाच कशी वाटते?’’

या वेळी लोक हसले ते मुकेशला. हाल्या हसला नाही. तो निथळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात बाजूला केले.

‘‘बांध पोरी.’’

टोचलेल्या जाकिटाची उसवलेली पट्टी तिच्याकडे होतीच. तिने ती त्याला बांधली, कमरेचा पट्टाही आवळला. त्याने मॅडमना पुन्हा उडी मारू देता का असं विचारलं. त्या दिवसाची तपासणी अजून संपली नव्हती, म्हणून मॅडमनी वही बंद न करता मान डोलावली. हाल्या शंभर आकडे तरंगला, आणि मॅडमनी आधीचा शब्द खोडून त्यावर सही केली. त्यानंतर पाड्यातून जुनी लुगडी आणि धोतरं आली. जयवंतीने आणि रूपीने मिळून चौदा माणसांना पट्ट्या बांधल्या. मुकेशला रूपीने बांधली, जरा जास्तच आवळून.

परवाना जयवंतीच्या एकटीच्या नावावर मिळाला. काठाजवळच्या पाण्यातच जायचं, बुडालेल्या खोडांच्या पुढे नाही, अशी अट. रूपीनेही जयवंतीच्याच जाकिटावर शंभर आकडे तरंगून दाखवलं होतं; दुसरं जाकीट आणलं की तिचं नाव घालू, असं मॅडमनी सांगितलं. दहा दिवस जयवंती एकटी काठाकाठाने लहान जाळी टाकत राहिली. त्या मासळीच्या पैशांतून जाकीट आलं. अकराव्या दिवशी दोघी डहाणूला जाऊन मॅडमसमोर ते ठेवून आल्या, आणि परवान्यावर दुसरं नाव चढलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. त्या दिवशी त्या दोघी पहिल्यांदाच मोठ्या पाण्यात निघाल्या होत्या. दोघींनी पट्ट्या बांधल्या, एकमेकींच्या गाठी ओढून बघितल्या, डबा आणि रिंग जागेवर ठेवली. मला मोह झाला. मी म्हटलं, मीही बसते, त्या खोडांपर्यंत नेऊन आण.

जयवंतीने वल्हं पाण्यात घातलं होतं. मला बसवायला ते तिने बाहेर काढलं नाही.

‘‘बाई, जाकिटं दोनच आहेत. तुम्ही काठावर बसा.’’

होडी निघाली. मी आंब्याखाली चैत्याशेजारी जाऊन बसले. तो डाव्या हाताने जाळ्याचा गुंता सोडवत होता. होडी लहान होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, ‘‘मलाही असंच सांगते.’’ आणि हसून त्याने गुंत्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.