पांढऱ्या कड्याचं चित्र

महिपत आगबोटीवर आगवाला होता. भट्टीत कोळसा टाकून टाकून त्याच्या भुवया जळाल्या होत्या. जर्मन लढाईत ग्रीस देशाजवळ त्याची बोट बुडाली. तो कसाबसा आपल्या गावी, मिऱ्याला, परतला आणि पुन्हा बोटीवर चढला नाही. सोहोनी वकिलांकडे तो पाणी भरायचा, बाग शिंपायचा, पुस्तकांची धूळ झटकायचा.

१९२६ साली वकिलांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या लिलावातून कसर लागलेलं प्रवासाचं पुस्तक आणलं. शंभर वर्षांमागच्या ग्रीस देशाची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं त्यात होती. वकील एकेक पान सोडवायचे, महिपत ते उन्हात ठेवायचा. एक पान मात्र तो हातात धरूनच राहिला.

मिठासारखा पांढरा कडा. खाली खडक. खडकांवर तांदळाएवढी माणसं, त्यातलं एक हात वर करून बसलेलं.

"ह्यो डोंगर कुठचा?"

"मिलो नावाचं बेट आहे. का रे?"

"आनि ही मान्सा?"

"कुणी नव्हेत. कडा केवढा उंच ते कळावं म्हणून चितारी घालतात."

याच कड्याखाली महिपतनं आपल्या बोटीवरच्या सोबत्याला, काशीरामला, सोडलं होतं. दोघं एका फळीला धरून खडकाला लागले होते. काशीरामचा पाय मोडलेला, तो कपारीत पडून होता. मदतीची होडी दिसली तसा महिपत पोहत तिच्याकडे गेला. गोऱ्या खलाशानं बोटांनी विचारलं, आणखी कोण? पाणबुडी परत येईल, होडीही बुडवील, या धास्तीनं महिपतनं नकारार्थी मान हलवली. घरी येऊन काशीरामच्या बायकोला, राहीला, त्यानं सांगितलं की तो बोटीबरोबरच गेला.

वकिलांनी नेमकं तेच चित्र चौकटीत घालून कचेरीच्या खोलीत टांगलं. महिपत तिथं केर काढताना भिंतीकडे पाठ करायचा, मग पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटून झाडू टाकून पळायचा. त्याला जेवण जाईना. राही त्याच घरी भात कांडायला यायची. एकदा तिनं त्याला दारातच घामाघूम उभा पाहिलं.

"भावजी, त्या तसबिरीला भिताव कशाला?"

उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं.

राही रडली नाही. चित्राजवळ जाऊन ती बराच वेळ बघत राहिली. "वर देऊळ हाय," ती म्हणाली. "घरा हायत. धूर येतोय."

खालून महिपतला यातलं काहीच दिसलं नव्हतं. वर माणसं होती, एक हाक मारायची होती.

राहीनं वकिलांना तिथल्या देवळाच्या पुजाऱ्याला पत्र लिहायला लावलं, लढाईत खाली खडकात कुणी सापडलं होतं का म्हणून. त्यांनी मुंबईच्या एका स्नेह्याकडून ते फ्रेंचमध्ये लिहवून घेतलं. पुढचे सात महिने टपालवाला फाटकाशी आला की महिपत विहिरीमागे जाऊन उभा राहायचा.

उत्तर आलं. वकिलांनी दोघांना बसवून वाचलं. बोट बुडाली त्या वर्षी मेंढपाळांना खडकात एक हिंदी खलाशी जिवंत सापडला होता. तीन दिवस जगला. त्याची भाषा कुणाला कळेना. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायचा, ते त्याचं नाव असावं असं समजून त्यांनी तेच थडग्यावर कोरलं. वकील थांबले.

"काय नाव?" राहीनं विचारलं.

"महिपत."

राही उठली. "वकीलसाहेब, त्येंना लिवा, नाव काशीराम म्हनून घाला." महिपतकडे न बघता ती निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. त्याच्याविरुद्धही वाडीत कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

नाव बदललं की नाही, ते कळलं नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर नव्हतं. महिपत १९३६ पर्यंत जगला. पाठीमागून कुणी नावानं हाक मारली तर तो जागच्या जागी थिजायचा; हाक मारणाऱ्यानं समोर येऊन तोंड दाखवल्याखेरीज ओ द्यायचा नाही.