मुलुंडहून हाकलेली बोट

आमच्या व्याह्यांइतका वाऱ्याचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या मुलुंडात सापडायचा नाही. समुद्राशी त्यांचा संबंध म्हणाल, तर वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या पाच मिनिटांच्या फेरीबोटीत एकदा ओकले होते, तेवढाच. पण त्यांची धाकटी मुलगी, माझ्या सुनेची बहीण, तीन मैत्रिणींबरोबर शिडाच्या बोटीने गोव्याहून आफ्रिकेला निघाली, आणि हे घरात बसून ती बोट हाकायला लागले. मोबाइलवर बोटीचा ठिपका दिसतो, तिथला वाराही दिसतो. वारा मागून असला की व्याही दोन पोळ्या जास्त खातात. समोरून असला की बोट तिरकी तिरकी न्यावी लागते म्हणे, त्या दिवशी हेही कुणाशी सरळ बोलत नाहीत. लाटा उठल्या की यांचं पोट बिघडतं. डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लंत?" तर म्हणाले, "चार मीटरच्या लाटा." मुलगी कळवायची, "बाबा, झुळूक फिरली की लगेच शीड नाही फिरवत आम्ही. जरा थांबून बघतो." हे कुठले थांबायला! वारा फिरला की मला फोन. "विहीणबाई, नैर्ऋत्येचा झाला हो!" मी म्हणायची, "होऊ दे. माझा भात करपतोय."

मग एकदा वारा साफ पडला. पाच दिवस ठिपका जागचा हलेना, निरोपही येईना. व्याह्यांनी घरातले सगळे पंखे बंद केले. सून रडवेली झाली, म्हणून मी गेले. "व्याहीबुवा, तुमच्या घामाने तिची बोट हलणार आहे का?"

"पोरगी तिकडे वाऱ्यावाचून बसलीय, आणि मी इथे हवा खाऊ?"

मी पंख्याचं बटण दाबलं. ते उठून गॅलरीत जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

सहाव्या दिवशी दुपारी निरोप आला. ते चष्मा शोधेपर्यंत मीच वाचला. 'बॅटरी वाचवत होतो. सगळ्या ठीक आहोत. वारा सुटलाय, पण समोरून. लांबचा वळसा घ्यावा लागेल. घरी यायला दोन महिने उशीर होईल. रागवू नका, बाबा.'

एरवी हा माणूस पोरगी कोथिंबीर आणायला गेली तरी जिन्यातून 'लवकर ये' म्हणून ओरडायचा. त्यांनी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 'सावकाश ये.'

बायपास झालेल्या ऐंशीच्या माणसाने कुणाला सावकाश ये म्हणू नये, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पाठवा," मी म्हटलं.