टाकी धुण्याची नोटीस

बोलताना त्यांचा अंगठा नोटीस बोर्डाच्या किल्लीवर फिरत असायचा. वाक्य संपलं की किल्ली वाजायची आणि मग, "नोंद घ्यावी." बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. कबुतरांना दाणे टाकू नका, लिफ्टचं दार आपटू नका, सगळं मराठीत आणि हिंदीत, त्यांच्या सुबक अक्षरात काचेमागे लागायचं. कोणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, "भाई, पहले बोर्ड पढो." असा एखादा तुमच्याही इमारतीत असेल.

मग त्यांच्या पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचल्याचं कळलं आणि आम्ही घोळ घातला. त्यांना आराम मिळावा म्हणून कमिटीने गच्चीवर सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. चेअरमन म्हणून शाल मीच घातली आणि किल्लीही मीच मागून घेतली. जिवंत माणसाला निरोप देऊन आम्ही मोकळे झालो.

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडले. औषधाने दुखणं कमी होतं, तरी जेवण नाही, बोलणं नाही. काहीही विचारा, "आता कशाला?" वहिनी म्हणायच्या, "एवढं मोठं आजारपण, माणूस खचणारच." मलाही ते पटायचं.

घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाईंना पटलं नाही. "दुःख होणारच. पण हे डिप्रेशन आहे, आणि त्यावर इलाज होतो." रोज एक गोळी, गुण यायला दोन-तीन आठवडे. दर आठवड्याला त्या स्वतः त्यांच्याशी बोलत बसणार होत्या. जाताना मला म्हणाल्या, "आजारी पडण्याआधी हे दिवसभर काय करायचे?"

मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी हात लावला नाही. तीन आठवडे त्यांच्याकडे आहेत का, एवढंच माझ्या डोक्यात. दिवसातून चारदा दुसऱ्या मजल्यावर जायचो आणि बेल न वाजवता परतायचो.

तिसऱ्या आठवड्यात आत शिरलो तर किल्ली वाजली. त्यांच्या मुलीने त्यांना मोबाईलवर बोर्डाचा फोटो दाखवला होता. त्यावर अजून माझ्याच हातची नोटीस.

"काय अक्षर आहे हे? आणि तसला सत्कार पुन्हा कोणाचा करू नका."

"बरं."

"नोंद घ्यावी."

जिन्यात येऊन मी रडलो.

आजार हटला नव्हता. पण पुढचा दीड महिना ते भिंतीकडे वळले नाहीत. वरणात मीठ कमी म्हणून वहिनींशी भांडले, मुलीशी पत्ते खेळले, नोटिसा लिहिल्या. मी त्या खाली लावायचो. शेवटची होती, 'गुरुवारी टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे.'

बुधवारी संध्याकाळी ते गेले. त्या गडबडीत टाकीवाल्यांना नको म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. गुरुवारी स्मशानातून परतलो, अंघोळीला नळ सोडला, तर कोरडा. नोटीस मीच लावली होती, पाणी मात्र भरलं नव्हतं.

बेल वाजली. दारात त्यांची मुलगी, हातात भरलेली बादली.

"काका, बाबांनी काल सकाळी एक जास्तीची भरायला लावली होती. म्हणाले, चेअरमन विसरणार."