दुकानाबरोबर आलेले

बाबांचा फोटो आणायला कॅम्प चार या वस्तीच्या कोपऱ्यावरच्या आमच्या जुन्या दुकानात शिरले आणि मोगऱ्याच्या उदबत्तीचा तोच वास आला.

नव्वदच्या आसपास बाबांनी ते किराणा दुकान एका सिंधी शेठकडून घेतलं. पहिल्याच सकाळी शेठच्या वारलेल्या वडिलांचा फोटो भिंतीवर तसाच राहिलेला पाहून आई म्हणाली, "परक्या माणसाचा फोटो कशाला? काढा तो."

बाबांनी काच पुसून उदबत्ती लावली. "दुकान त्यांनी उभं केलंय. राहतील इथेच."

मला तेव्हा आईचं पटलं होतं.

बाबा गेल्यावर दुकान विकलं, तेव्हा त्यांचाही फोटो तिथेच राहिला. आता तिथे मोबाइल विकतात. दोन्ही फोटोंना ताजे हार होते.

"हे कोण?" मी मुद्दाम विचारलं.

"दुकान के साथ आये हैं दोनों," नवा मालक म्हणाला. "निकालने का नहीं."

मी एक चार्जर घेतला आणि बाबांना तिथेच ठेवून निघाले.