सईची दुबईतली भैरवी

दुबईला जायचं ठरलं ते सईच्या एका फोनवर. सई माझी नात, तिकडेच जन्मली, आता नववीत आहे. म्हणाली, "आजी, आय ॲम सिंगिंग ऑन स्टेज. तू येच." मी म्हटलं, आलेच. मागून आमचे चिरंजीव बोलले, "आई, कार्टूनचं गाणं आहे गं ते, जपानी. आणि तेही गोष्ट संपल्यावर नावं सरकतात ना, तेव्हाचं. त्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं?"

"तू शाळेच्या नाटकात झाड झालेलास," मी म्हटलं, "तेव्हाही मी पहिल्या रांगेत बसले होते."

खलास. तिकीट आलं.

जाणाऱ्या बायकांनो, एक ध्यानात ठेवा, खसखस नेऊ नका. तिकडे बंदी आहे. मी अनारशांचा डबा बांधून तयार, तर सूनबाईचा फोन, "आई, त्यावर खसखस आहे ना? काढा आधी." सगळे अनारसे शेजारणीच्या घरी गेले आणि मी बेसनाचे लाडू वळले. आणि जायचं ते थंडीतच. मी जानेवारीत गेले, संध्याकाळी स्वेटर घालून फिरले. मी चौथी शिकलेली बाई, पण विमानतळावर कुठेच अडलं नाही. सगळीकडे हिंदी चालते.

मुलगा सिलिकॉन ओएसिसला राहतो. उंच उंच इमारती, खाली झाडं लावलेली, रस्ते असे की सांडलेली साखर वेचून घ्यावी. तो पहाटेच जबल अलीला कामावर जातो. सूनबाईही नोकरीला. घरात दुपारनंतर मी आणि सई. ती गायची, मी मेथी निवडायची.

दुसऱ्या दिवशी तिने मला बसने, मग मेट्रोने फिरवलं. कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही. बायकांचा वेगळा डबा आहे, तिथे निवांत बसायला मिळतं. मी लाडवाचा डबा उघडला तर सई किंचाळली, "आजी, नो! इथे खाल्लं तर फाइन!" बाहेर येऊन कडक चहा घेतला. दोन दिरहम, म्हणजे आपले पन्नासेक रुपये की हो! पण वेलची भरपूर. लाडू तिथेच खाल्ला.

चहा पिताना विचारलं, "या गाण्यात आहे तरी काय?" म्हणाली, समुद्राखाली एक गाव आहे, तिथे एक मुलगी रोज दिवे लावते. दिवे लावून झाले की घरी निघते, तेव्हाचं हे गाणं. मग कप खाली ठेवला. "आजी, सगळे ओपनिंग साँग गातात. फास्ट, जंपिंग. एंडिंग कोणी ऐकतच नाही, नेक्स्ट दाबतात. आणि माझा नंबर लास्ट आहे. ऑडियन्स उठून गेली तर?"

"अगं, शेवटचं गाणं म्हणजे भैरवी," मी म्हटलं. "आमच्या भजनात भैरवीला कोणी उठत नाही. पोर रडलं तरी मांडीवर थोपटतात, पण उठत नाहीत."

"धिस इज दुबई, आजी."

गाण्यांची स्पर्धा एका मोठ्या हॉलात होती. जपानी कार्टूनची जत्राच म्हणा. पोरांचे केस निळे, गुलाबी, पाठीला पुठ्ठ्याच्या तलवारी. मला तर बोहाड्यात मुखवटे घालून नाचणारी सोंगंच आठवली. मी आणि सूनबाई पहिल्या रांगेत. मुलगा कामावरून थेट आलेला, गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशीच उभा.

सईच्या आधीची चार पोरं नाचून गाऊन गेली. टाळ्या पडल्या आणि लोकांना वाटलं, झालं. खुर्च्या सरकायला लागल्या. सई माईकपाशी येऊन उभी, आणि समोर नुसत्या पाठी. पोरीचा चेहरा उतरला. माझ्या शेजारचे दोन निळ्या केसांचे मुलगेही उठले.

"ए बाळांनो," मी जोरात म्हटलं, "बैठो! भैरवी के टाइम कोई उठता है क्या?"

सूनबाईने माझा पदर ओढला. "आई, प्लीज!"

"व्हॉट इज भैरवी, आंटी?" त्यातला एक म्हणाला.

"आखिर का गाना. वो सुनके ही घर जाने का. बैठो."

बसले बिचारे. त्यांचं बघून मागचेही बसले. काही गेले, जाऊ देत. सईने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सूर लावला.

काय सांगू! आवाज कुठे चढला नाही, ओरडला नाही. तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन सरकवावं, तसा अलगद. आणि गंमत बघा, शेजारची ती निळी पोरं ओठातल्या ओठात सगळं गाणं म्हणत होती! म्हणजे ऐकतात की शेवटपर्यंत! मी मागे वळून पाहिलं, तर माझा मुलगा दारातून आत येऊन पायरीवर बसला होता.

बक्षीस त्या नाचणाऱ्या पोरांना मिळालं. मिळू दे, छान नाचली. गाडीत बसलो. पहिल्या सिग्नलला मुलगा म्हणाला, "सई, ते मधलं कडवं परत म्हण ना." घर येईपर्यंत तिने ते तीनदा म्हटलं.

आता इचलकरंजीत परत आलेय. बायका विचारतात, तो उंच मनोरा पाहिला का? पाहिला, खालून. मान दुखली. खजूर आणलेत, या खायला. पण काल भजनाला शेजारणीने विचारलं, "नातीचा नंबर आला का हो?"

म्हटलं, "नंबर नाही आला. पण तिने तोंड उघडल्यावर एक माणूस उठला नाही."

सगळ्या जणी म्हणाल्या, मग अजून काय पाहिजे!